तासवडे ते वाशी: एका टेम्पोवाल्याची सिगरेट

मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून मला बावीस वर्षं झाली, आणि निकोटिनचं गम मागायला आलेला माणूस आता लांबूनच ओळखू येतो. आधी तो डोकेदुखीची गोळी मागतो. मग उगाच बामच्या बाटल्या बघतो. मग दुकानात दुसरं कोण नाही बघून आवाज बारीक करून म्हणतो, ते सिगरेट सोडायचं काय असतंय ना, द्या एक पत्ता. मी देतो, पैसे घेतो, विषय संपला. यातले बरेचजण दुसरा पत्ता घ्यायला येतच नाहीत आणि मला कित्येक वर्षं वाटायचं सुटली असेल म्हणून येत नसतील. (हसू नका.)

सुभाष पण असाच एक पत्ता घेऊन गेला होता २०२१ ला. सुभाष हे नाव बदललंय, बाकी सगळं त्याला विचारून लिहितोय, तो म्हणाला लिही की, फक्त टेम्पोचा नंबर टाकू नको. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तासगाव साइडचा, स्वतःचा टेम्पो, द्राक्षाच्या सीझनला द्राक्षं, उन्हाळ्यात बेदाणा, पावसाळ्यात ढबू, दोडका, फ्लॉवर जे मिळेल ते भरून आठवड्याला तीन खेपा वाशी मार्केटला. तेव्हा वय ४३. सिगरेट एकोणिसाव्या वर्षी लागली ती दिवसाला अठरा-वीसवर येऊन थांबलेली, खेपेच्या रात्री पंचवीस. छोटी, दहा रुपयेवाली. आणि सकाळची पहिली म्हणजे अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आत, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

सोडायचे प्रयत्न किती झाले म्हणून विचारलं तर त्यानं चार मोजले. पहिला एक जानेवारीला, कुठल्या वर्षीचा ते आठवत नाही, संक्रांतीपर्यंत पण टिकला नाही. दुसरा पोरीच्या वाढदिवसाला, तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, सगळे पाहुणे बघत होते, चौथ्या दिवशी कराडच्या पुढं एक ओढली. हे प्रकरण मला सगळ्यात वाईट वाटतं कारण त्यानंतर दोन वर्षं तो घरात लपून ओढायचा आणि सोडायचा विषयच काढायचा नाही. तो म्हणायचा, शपथ मोडली की आता, कुठल्या तोंडानं परत घेऊ. म्हणजे शपथेनं सिगरेट चार दिवस थांबली आणि प्रयत्न दोन वर्षं थांबले. तिसरा प्रयत्न २०२० च्या लॉकडाउनचा, टपऱ्या बंद म्हणून अकरा दिवस, मग ब्लॅकनं मिळायला लागली. चौथा माझ्या दुकानातला तो पत्ता.

त्या पत्त्याचं काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. त्यानं ते गम चघळलं. म्हणजे आपण साधं च्युइंगम खातो तसं चघळत चघळत पेठ नाक्यापर्यंत आला, वर गरम चहा प्याला, घसा जळाला, उचक्या लागल्या, मळमळलं, आणि उरलेला पत्ता खिडकीतून बाहेर. मी काउंटरवर एक अक्षर सांगितलं नव्हतं. चार वाक्यं बोललो असतो तर ते वर्ष वाया गेलं नसतं त्याचं, हे मी इथं कबूल करून टाकतो.

आता २०२३ चा मे महिना. लोक विचारतात की यावेळी काय झालं मग, छातीत दुखलं का, डॉक्टरनं घाबरवलं का. तसं काही नाही. झालं असं की येताना-जाताना खिडकीतून टाकलेलं एक थोटूक वाऱ्यानं मागं गेलं आणि ताडपत्रीवर बसलं. वितभर भोक. त्याला पत्ताच नाही. सातारा सोडल्यावर वळीव आला धो धो, आणि बेदाण्याचे अकरा बॉक्स भिजले, व्यापाऱ्यानं भाड्यातनं पैसे कापले आणि वर ऐकवलं ते वेगळं. पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं न् घशाचं चित्र छापतात, हा बाबा टपरीवाल्याला म्हणायचा दुसऱ्या चित्राचं दे. त्या चित्रानं जे झालं नाही ते ताडपत्रीनं केलं. मला विचाराल तर कारण कुठलं का असेना, चालतंय. मोठं उदात्त कारण पाहिजे असं काही नाही, उलट लहान आणि स्वतःचं असलेलं कारण माणूस विसरत नाही.

दुकान बंद करायच्या टायमाला आला, शटर अर्धं खाली, आणि म्हणाला, ''डॉक्टर, ह्या वेळी खरंच सोडायची हाय, पण मला शपथ नको.'' (मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, शंभरदा सांगून झालं.) मी म्हटलं शपथ नको, कागद घे. कंपनीचं एक पॅड पडलेलं होतं त्यावर लिहायला बसलो. मागच्या खेपेत कुठं कुठं पेटवलीस ते क्रमानं सांग.

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. गाडी भरून निघताना एक. पेठ नाक्यावर चहा, एक. तासवडे टोल. आनेवाडी टोल. खंबाटकीचा बोगदा संपला की एक. खेड शिवापूर टोल. नवले पूल उतरला की एक. तळेगाव टोल. घाट उतरायच्या आधी एक, उतरल्यावर खालापूरला एक. कळंबोली. आणि वाशीला? ''तिथं काय, दोन-तीन होत्यात गाडी खाली होस्तोवर.'' मी कागदाच्या कोपऱ्यात बारीक ३ लिहिला आणि पुढं गेलो. तो आकडा मी मोठा लिहायला पाहिजे होता, पण ते नंतर.

कागद बघून तो स्वतःच गप्प झाला. म्हणाला आयला, ही काय सिगरेट न्हवं, हे तर एसटीचं टाइमटेबल झालं. आणि खरंच तसं होतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे पाऊण-एक तासाला तो टोल आला की टाकी परत भरत होता. आणि रात्री झोपेत सहा-सात तास टाकी रिकामी होते म्हणून सकाळची ती अंथरुणातली. फागरस्ट्रॉम म्हणून सहा प्रश्नांची एक टेस्ट असते, किती व्यसन आहे ते बघायची, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, उठल्यावर पहिली किती मिनिटांत. अर्ध्या तासाच्या आत असेल तर दोन मिलिग्रॅमचं गम पुरत नाही, चार मिलिग्रॅमचं लागतं. दोनचं कुणालाही काउंटरवर मिळतं, चारला डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणजे २०२१ ला मी त्याला दिलेलं गम मुळातच कमी पडणारं होतं, वर खायची पद्धत चुकीची. मग आमच्या चौकातल्या डॉक्टरकडं पाठवला, त्यांनी बीपी बघितलं, छाती तपासली, चिठ्ठी दिली. गोळ्या पण असतात या कामाला, पण त्या डॉक्टरनीच ठरवायच्या, याच्या केसमध्ये त्यांनी गमवरच भागवायचं ठरवलं.

खायची पद्धत मी त्याला काउंटरवरच करून दाखवली, साध्या च्युइंगमवर. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं, तिखटसर झिणझिण्या आल्या की थांबायचं, गालात ठेवून द्यायचं, तंबाखूची गोळी ठेवतात तसं. झिणझिण्या गेल्या की परत चार-पाच वेळा चावायचं, परत दुसऱ्या गालात. अर्धा तास एक गम. थुंकी सारखी गिळायची नाही, उचक्या त्यानंच लागतात. आणि चहाच्या आधी पंधरा मिनिटं आणि चहासोबत अजिबात नाही, कारण चहा-कॉफीनं तोंडातला आंबटपणा वाढतो आणि निकोटिन गालातून आत जातच नाही. आणि काटकसर करायची नाही. लोक दिवसाला दोन गम खातात न् म्हणतात उपयोग नाही. याला सुरुवातीला दर दीड-दोन तासाला एक, दिवसाला आठ-दहा, तलफ येऊ दे मग खातो असं नाही, आधीच.

तारीख ठरवली १३ जून, मंगळवार. मंगळवार का, तर सोमवारी गाडी सर्व्हिसिंगला होती, बस्स. घरी फक्त वहिनीला माहीत. गावात कुणाला सांगायचं नाही, स्टेटस ठेवायचं नाही. आणि पहिले दहा दिवस रात्रीची खेप नाही, पुतण्या गाडी नेणार, हा फक्त दिवसा तासगाव-सांगली-मिरज लोकल मारणार. यावर तो लई भांडला, भाडं बुडतंय म्हणून. पण निकोटिन तुटल्यावर पहिले तीन-चार दिवस डोकं ठिकाणावर नसतं, चिडचिड, लक्ष लागत नाही, झोप विस्कटते, आणि अशा माणसानं रात्री लोड गाडी घेऊन खंडाळा उतरायचा हे मला पटत नव्हतं. मी म्हटलं सिगरेट परत ओढ पाहिजे तर, पण पहिल्या आठवड्यात घाटात जाऊ नको.

पहिला दिवस बरा गेला. दुसरा पण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर तो खूश होता, काय न्हाय ओ हे. मी मनात म्हटलं उद्या बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वहिनींचा फोन. ''भावजी, त्यास्नी एक सिगरेट ओढू दे बाई एकदाची, आमी जगंना झालोय घरात.'' मागं भांडं आपटल्याचा आवाज येत होता. झालं काय होतं तर सकाळी पोट साफ झालं नव्हतं, सलग तिसरा दिवस. हे कुणी लिहीत नाही पण काउंटरवर मला सगळ्यात जास्त हेच ऐकू येतं, सिगरेट ओढल्याशिवाय होत नाही ओ. आणि ते खोटं नसतं. निकोटिन आतड्याला चालना देतं, वीस-पंचवीस वर्षं सकाळी त्याच इशाऱ्यावर पोट चाललेलं असतं, इशारा बंद झाला की आतडं बसून राहतं. माणूस पहाटे अर्धा तास बसून बाहेर येतो आणि दिवसभर तेच डोक्यात, आणि मग दुपारी एक ओढतो, फक्त औषध म्हणून. कितीतरी जणांचं सोडणं फुफ्फुसावर नाही, संडासवर मोडतं. इसबगोल पाठवून दिलं, रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे, पाणी भरपूर, सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर गरम पाणी आणि अंगणात फेऱ्या. दोन दिवसांनी गाडी रुळावर आली. आठवड्या-दोन आठवड्यांत आतडं आपलं आपण शिकतं.

दुसरी गोष्ट चहा. हा दिवसाला आठ-नऊ कप पिणारा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणायला लागला छाती धडधडतीय, हात कापतोय, झोप नाही, हे सिगरेट सोडल्यानंच. अर्धं बरोबर होतं. सिगरेटच्या धुरात असे पदार्थ असतात की त्यामुळं लिव्हर कॅफीन लवकर लवकर संपवतं. धूर बंद झाला की लिव्हर परत नॉर्मल स्पीडला येतं, आणि तेवढाच चहा अंगात जवळजवळ दुप्पट जोरानं बसतो. म्हणजे धडधड ही निम्मी चहाची होती आणि बिल सिगरेटच्या नावावर फाटत होतं. चहा निम्मा केला, संध्याकाळी सहानंतर बंद. तसाही चहा आणि सिगरेट ही जोडी त्याची जन्माची, चहाच्या जागी काही दिवस त्यानं ताक धरलं, टपरीवर न जाता रसवंतीवर बसायचा, रसवंतीवाल्याला वाटलं याला शुगर झालीय का कमी झालीय, काहीच कळेना.

तलफ कशी यायची ते त्यानं मला एकदा बोटानं काउंटरवर रेघ काढून दाखवलं. अशी चढत्या, वर जात्या, आणि मग आपोआप उतारत्या, पण वर असताना वाटतंय आता ही कायमची. घड्याळ लावून बघ म्हटलं. बघितलं त्यानं, चार मिनिटं, कधी पाच. मग त्या चार मिनिटांसाठी त्याच्याकडं ठरलेली कामं होती, टायर हातोडीनं ठोकून हवा बघणे, काच पुसणे, गाडीत ठेवलेले भुईमुगाचे शेंगदाणे एक एक सोलून खाणे. सोलायचे, सोललेले विकतचे नाहीत. हाताला पण काम पाहिजे ना, दिवसाला वीस वेळा बोटात काहीतरी धरायची सवय असलेला हात तो.

दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला आणि तो पार घाबरला. ओढत होतो तोवर नव्हता, सोडल्यावर कसा? मी म्हटलं हा चांगला आहे. श्वासनलिकेत बारीक केस असतात, झाडूसारखं कफ वर ढकलायचं त्यांचं काम, धुरानं ते लुळे पडलेले असतात, सोडल्यावर हळूहळू कामाला लागतात आणि वर्षांचा कचरा वर यायला लागतो. काही आठवड्यांत कमी होतो. रक्त पडलं, ताप आला, वजन उतरलं तर मात्र सरळ डॉक्टरकडं, मी काय सांगतोय ते विसरून. याचा तीन आठवड्यांत गेला.

याच आठवड्यात दुसरा धोका आला आणि तो मित्रांकडून. ड्रायव्हर मंडळी चांगल्या मनानं सांगतात, सिगरेट सोडायचीय ना, मावा धर. आपल्याकडं हे इतकं सहज आहे की काय सांगू. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे २४.४ टक्के होते. म्हणजे ओढणं सोडणाऱ्या माणसाच्या आजूबाजूला सगळे चघळणारेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, बंदी किती दिसते ते तुम्हाला माहीत आहे. सुभाषनं एकदा मावा तोंडात टाकलापण, मिरजेत, आणि मला येऊन विचारतो, हे चालतंय का, धूर तर न्हाय. मी म्हटलं घशाचं तिकीट रद्द करून तोंडाचं काढतोयस. गम गालात ठेवायची सवय लागलेलीच होती त्यामुळं मोह जास्त होता, हे मान्य. त्या दिवसापासून गमची पुडी शर्टाच्या खिशात, डॅशबोर्डवर नाही, म्हणजे कुणी मावा पुढं केला की हा खिशातून आपलं काढणार.

२३ जूनपासून खेपा परत सुरू केल्या. पहिल्या दोन खेपा पुतण्या सोबत. आम्ही कागदावरच्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी लिहिलं होतं, तासवडेच्या आधी गम, आनेवाडीला थांबायचं नाही, बोगदा संपला की बायकोला मिस कॉल (रात्री साडेदहाला, वहिनी जाग्याच असायच्या), खेड शिवापूरला गम, तळेगावला खाली उतरून पाय मोकळे. दोन्ही खेपा सिगरेटशिवाय पार पडल्या. तो म्हणाला रस्ता अवघड न्हाय रे, रस्त्यावर मन गुतलेलं असतंय.

२९ जूनला आषाढी. त्याचे चुलते दरवर्षी वारीला जातात, पंढरपुरातून फोन केला, माळ घाल की सुभाष, एका दिवसात सुटंल सगळं. माळ घालून सुटलेली माणसं मी पण बघितलीत, आमच्या गल्लीतच दोघं आहेत, त्यांचं दारू-मटण-तंबाखू सगळं एका दमात गेलं आणि परत आलं नाही. त्यामागं नुसती शपथ नसते, भजनाला बसणारी माणसं असतात, रोज संध्याकाळी जायला जागा असते. याला दिवसा झोप आणि रात्री स्टेअरिंग, भजनाला कधी बसणार. आणि शपथेचं त्याचं आधीचं प्रकरण मला माहीत होतं. तो नाही म्हणाला चुलत्यांना. उपास मात्र केला, खिचडी खाल्ली, सतरावा दिवस.

आणि एकोणिसाव्या दिवशी, १ जुलैला, पहाटे तीन चाळीसला माझा फोन वाजला.

वाशीला रांगेत होता. एकटाच गेला होता त्या रात्री. ढबूचा माल, पाऊस, आत गाड्यांची गर्दी, माथाडी मंडळी पुढची गाडी खाली करतायत, याचा नंबर कधी लागेल कुणाला माहीत नाही. खेपेचं सगळं टाइमटेबल नीट पार पडलेलं, तासवडे झालं, खालापूर झालं, कळंबोली झाली, आणि आता नुसतं बसायचं. दीड तास. काच पुसायला पाऊस, टायर ठोकायला पाऊस, शेंगदाणे संपलेले, गम त्या रात्री खिशात नाही, मागच्या सीटवर बॅगेत. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर नाशिककडचा, ओळख ना पाळख, खिडकीतून हात लांब करून म्हणाला घ्या पाव्हणं. राज्यात सुट्टी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे, टपरीवर ती कुणी पाळत नाही तो भाग वेगळा, पण फुकट दिलेल्या सिगरेटवर कोण बंदी घालणार. यानं घेतली. एक पूर्ण, आणि दुसरी अर्धी.

''पहिल्यांदा चक्कर आली,'' म्हणाला, ''चव पण घाण लागली. पण दुसरी पेटवलीच मी. का पेटवली सांग.''

मी अर्धवट झोपेत होतो आणि मी चुकीचं बोललो. अरे एवढं करून, असं काहीतरी बोललो. पलीकडं शांतता. नुसता वायपरचा आवाज. आणि मग तो म्हणाला, ''म्हंजे आता परत एकपासनं मोजायचं?''

त्याच्या आवाजावरून मला ती वाढदिवसाची शपथ आठवली, आणि झोप उडाली. मी म्हटलं नाही. अठरा दिवस तुझे आहेत, ते कुणी काढून घेत नाही, आजची रात्र म्हणजे ताडपत्रीला भोक पडलंय, ताडपत्री फेकायची नसते, ठिगळ लावायचं असतं. (ताडपत्रीचं बोलल्यावर तो जरा हसला.) पण ठिगळ आत्ता लावायचं, सकाळी नाही, कारण एक ओढली की पुढचं बऱ्याचदा हातातून जातंच, आणि ते पहिल्या सिगरेटमुळं जेवढं जातं तेवढंच, मेलं आता गेलंच तर, या विचारानं जातं. उरलेली अर्धी खाली चिखलात टाक. मागं जा, बॅगेतनं गम काढ. आणि त्या पाव्हण्याला सांग की मी सोडलीय.

शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. आजवर असं तोंडावर कुणाला सांगितलं नव्हतं ना. फोन चालू ठेवून सांगितलं त्यानं, मला ऐकू आलं, ''दादा, मी सोडलीया, परत देऊ नका, मागितली तरी.'' तो माणूस म्हणाला आधी सांगायचं ना राव, आणि त्यानं याला भडंग दिलं.

नंतर कागद परत काढला तेव्हा कोपऱ्यातला तो बारीक ३ दिसला. आम्ही सगळी तयारी रस्त्याची केली होती आणि तो पडला थांबल्यावर. माझं आता असं मत झालंय की पहिल्या आठवड्यात शरीर ओरडतं, त्याला औषध आहे, आणि तिथं माणूस जिद्दीनं पण निभावतो कारण युद्ध चालू असल्यासारखं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात युद्ध नसतं. कुणी विचारत नाही कसं चाललंय, बायकोपण विसरलेली असते, तलफ दिवसातून चार वेळाच येते, आणि रिकामा वेळ मात्र तेवढाच असतो, त्यात डोकं म्हणतं जमलं की तुला, आता एक ओढून बघायला काय हरकत. काउंटरवर दुसरा पत्ता घ्यायला न येणारी माणसं इथंच कुठंतरी गळत असणार.

मग वाशीसाठी वेगळं केलं. गम दोन शर्टाच्या खिशात, एक कानावर टोपीत. गेटवर पोचायच्या दहा मिनिटं आधी एक गालात. फोनवर कीर्तनं डाउनलोड करून दिली पोरीनं, आणि एक लुडो. आणि १८००-११-२३५६ ला फोन लावायला लावला, सिगरेट सोडायची सरकारी हेल्पलाइन, २०१६ ला सुरू झालेली, फुकट, मराठीत बोलतात, हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, त्यानं महिन्याला कितीतरी पाकिटं फोडून एकदाही वाचला नव्हता. सोमवारी बंद असते आणि रात्री आठनंतर कुणी नसतं, म्हणजे पहाटे तीनला तिचा उपयोग नाही, पण तिथल्या बाईंनी नंतर स्वतःहून फोन करून विचारलं कसं चाललंय, आणि याला त्याचं लई अप्रूप वाटलं. मला म्हणतो बघ, तू कधी आपणहून फोन केलास?

पैशाचं त्यानं स्वतःच काढलं, माझी आयडिया नाही. रोज रात्री दोनशे रुपये तेलाच्या रिकाम्या डब्यात, नोटाच, फोन पे नाही. महिन्याला सहा हजार होतात हे कुणालाही तोंडी येतं, त्याला पण येत होतं, पण डबा उघडल्यावर नोटांचा वास आला तेव्हा कळलं म्हणाला. त्या एका रात्रीचे दोनशे टाकायचे का नाही यावर त्याचा आणि वहिनींचा वाद झाला. शेवटी दीड सिगरेटचे पंधरा वजा करून एकशेपंच्याऐंशी टाकले.

गम आठव्या आठवड्यापासून कमी करत आणलं, चारवरून दोन मिलिग्रॅम, मग दिवसाला चार, मग दोन, साधारण तीन महिन्यांत बंद. वजन पाच किलो वाढलं, शेंगदाण्याची कृपा, पँट आल्टर करून घेतल्या. ऑगस्टमध्ये डब्यातून नवीन ताडपत्री आली, जाड, निळी. नंतरच्या द्राक्ष सीझनला एकदा बारशात कुणीतरी आग्रह केला तेव्हा धोका होता म्हणे, पण त्यानं सरळ सांगितलं मी सोडलीय, आणि सांगताना आता लाजत नाही.

मी पण काउंटरवर बदल केलाय एक. गम मागायला कुणी आलं की पत्ता लगेच देत नाही. आधी विचारतो, सकाळची पहिली किती वाजता? माणूस दचकतो जरा, पण सांगतो.

परवा त्याच्या गाडीत बसून सांगलीला गेलो. ऊन लागत होतं म्हणून समोरची सनशेड खाली ओढली तर मागं गमचा एक पत्ता अडकवलेला, दोनच उरलेली. उलटून बघितलं, सवयच आहे मला, एक्सपायरी जाऊन सहा महिने झालेत. म्हटलं टाकून दे, आता काय कामाचं नाही ते. त्यानं माझ्या हातातून घेतलं, परत होतं तिथं अडकवलं आणि म्हणाला, असू दे.